कायद्याच्या प्रवेश परीक्षेतील तर्कप्रश्न आणि बीड जिल्ह्यातील विद्यार्थी



बीड जिल्ह्यातील एखाद्या शेतकऱ्याचा किंवा ऊसतोड मजुराचा मुलगा बारावी झाल्यावर कायद्याचे शिक्षण घ्यावयाचे म्हणतो, तेव्हा त्याच्या वाटेवरील पहिली चौकी म्हणजे सामाईक प्रवेश परीक्षा. पूर्वी मागील परीक्षेतील गुण पाहून विधी महाविद्यालयांत प्रवेश मिळत असे. २०१६ पासून राज्यात पाच वर्षांच्या आणि तीन वर्षांच्या अशा दोन्ही विधी अभ्यासक्रमांसाठी राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षातर्फे स्वतंत्र परीक्षा घेतली जाऊ लागली. या परीक्षेत सामान्य ज्ञान पाठ करता येते, इंग्रजी सरावाने सुधारते आणि गणिताचे प्रश्न थोडे असतात. ग्रामीण विद्यार्थी अडखळतो तो तर्कप्रश्नांपाशी. तेथे पाठांतराचा उपयोग होत नाही आणि शाळेत मिळविलेले चांगले गुणही पाठीशी उभे राहत नाहीत. ही अडचण कशातून उत्पन्न होते आणि ती गावपातळीवर कशी दूर करता येईल, याचा विचार करणे अगत्याचे आहे.

परीक्षेचे स्वरूप

ही परीक्षा संगणकावर होते. प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय असतात. चुकीच्या उत्तरासाठी गुण कापले जात नाहीत. आरंभीच्या आराखड्यात १२० मिनिटांत १५० प्रश्न सोडवावे लागत. पुढे प्रश्नांची संख्या १२० करण्यात आली. म्हणजे एका प्रश्नास सरासरी एक मिनिट मिळते. पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाच्या मूळ आराखड्यात १५० पैकी ४० प्रश्न तार्किक व विश्लेषणात्मक विचाराचे आणि ४० प्रश्न कायदेविषयक कलाचे होते. कायदेविषयक कलाच्या प्रश्नांतही बहुधा एक नियम व एक प्रसंग दिलेला असतो आणि नियम प्रसंगास लावून निष्कर्ष काढावयाचा असतो. म्हणजे तेथेही तर्कच लागतो. दोन्ही विभाग मिळून निम्म्याहून अधिक प्रश्नपत्रिका एकाच कौशल्यावर उभी आहे, ही गोष्ट पालकांच्या व शिक्षकांच्या सहसा लक्षात येत नाही.

राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी २००८ पासून देशपातळीवर वेगळी सामाईक परीक्षा घेतली जाते. महाराष्ट्रात मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथे अशी विद्यापीठे आहेत. २०२० पासून या परीक्षेत सुट्या प्रश्नांऐवजी उतारे देऊन त्यांवर प्रश्न विचारले जातात. ही परीक्षा इंग्रजीतून होते आणि चुकीच्या उत्तरामागे पाव गुण वजा होतो. अमेरिकेत विधी प्रवेशाची अशी चाचणी १९४८ पासून चालत आली आहे. तेथे आकृत्या काढून सोडवावयाची कोडी ऑगस्ट २०२४ पासून वगळण्यात आली. त्यामागे, आकृती काढणे शक्य नसलेल्या एका अंध उमेदवाराने दिलेला न्यायालयीन लढा होता. परंतु युक्तिवाद पारखण्याचे प्रश्न तेथे कायम राहिले, किंबहुना त्यांचे वजन वाढले. परीक्षांचे बाह्य रूप बदलत राहते. दिलेल्या विधानांतून काय निघते आणि काय निघत नाही हे ओळखणे, हा त्यांचा गाभा मात्र सर्वत्र सारखाच आहे.

अडचण नेमकी कोठे?

मुलास हे प्रश्न सुटत नाहीत असे दिसताच त्याची कारणे चटकन सांगितली जातात. कोणी म्हणतो, बुद्धीच तेवढी नाही. कोणी म्हणतो, शहरातील शिकवणी वर्ग परवडत नाहीत. दुसऱ्या म्हणण्यात तथ्य आहे. पहिले म्हणणे मात्र निराधार असून त्यामुळे मुलांचे नुकसानही होते.

या बाबतीत रशियन मानसशास्त्रज्ञ अलेक्झांडर लुरिया यांनी १९३१ व १९३२ साली मध्य आशियातील उझबेकिस्तानच्या खेड्यांत केलेले संशोधन उद्बोधक आहे. बीडप्रमाणेच तोही कापसाचा मुलूख. लुरियांनी तेथील निरक्षर शेतकऱ्यांपुढे अशा आशयाचा प्रश्न ठेवला : कापूस उष्ण व कोरड्या हवेतच येतो. इंग्लंडची हवा थंड व दमट आहे. तर इंग्लंडमध्ये कापूस येईल काय? शेतकऱ्यांचे उत्तर साधारणतः असे येई की, आपण तो देश पाहिलेला नाही, आपला मुलूख तेवढा आपल्याला ठाऊक, तेव्हा सांगता येत नाही. हे शेतकरी मंदबुद्धीचे नव्हते. जमीन, पाणी आणि पीक यांविषयीचा त्यांचा विचार चोख होता. परंतु न पाहिलेल्या गोष्टीविषयी केवळ दोन वाक्यांच्या आधारे बोलणे त्यांना अप्रशस्त वाटत होते. त्याच भागातील ज्या तरुणांना थोडेफार शालेय शिक्षण मिळाले होते, ते असे प्रश्न सहज सोडवीत. हे संशोधन रशियन भाषेत ग्रंथरूपाने १९७४ साली प्रसिद्ध झाले. त्याचा बोध स्पष्ट आहे. कागदावरील विधानाला धरून विचार करणे ही शाळेतून लागणारी सवय आहे आणि सवय लावता येते.

बीडचा विद्यार्थी निरक्षर नाही, शाळा शिकलेला आहे. पण त्याची शाळा बहुधा पाठांतराची झाली, आणि घरी व शिवारात त्याने जे ज्ञान मिळविले ते अनुभवाचे. तर्कप्रश्न समोर येताच तो विधान बाजूला सारून अनुभवाकडे धावतो. ‘सर्व विहिरींना बारमाही पाणी असते’ असे विधान प्रश्नात दिले, तर दुष्काळ पाहिलेल्या मुलास ते खोटे वाटते, आणि मग तो विधानातून निघणारे उत्तर न देता स्वतःस खरे वाटणारे उत्तर देतो. प्रश्नात विधानाची सत्यता विचारलेलीच नसते. विधान खरे मानले तर पुढे काय ठरते, एवढेच विचारलेले असते.

साक्षीदाराची शिस्त आणि न्यायाधीशाची शिस्त

हा परीक्षा घेणाऱ्यांचा निव्वळ हट्ट आहे, असे कोणास वाटेल. तसे ते नाही, हे न्यायालयाच्या कामकाजावरून दिसून येते. पुराव्याच्या कायद्याचा एक मूलभूत दंडक असा की, तोंडी पुरावा प्रत्यक्ष असला पाहिजे. पाहण्याची गोष्ट असेल तर ती पाहिलेल्यानेच सांगावी, ऐकण्याची असेल तर ऐकलेल्याने. हा दंडक १८७२ च्या अधिनियमात होता आणि १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही तो आहे. या दृष्टीने पाहिले तर, ‘न पाहिलेले सांगणार नाही’ म्हणणारा उझबेक शेतकरी हा आदर्श साक्षीदारच ठरतो.

परंतु न्यायालयात साक्षीदाराखेरीज न्यायाधीश आणि वकीलही असतात. न्यायाधीशाला गावाची कितीही खाजगी माहिती असली तरी तिच्या आधारे निवाडा करता येत नाही. जे अभिलेखावर आले तेच प्रमाण मानून निष्कर्ष काढावा लागतो. वकिलालाही ‘हे दाव्यात कोठे आहे?’ या प्रश्नाचे उत्तर पदोपदी द्यावे लागते. साक्षीदाराची शिस्त ग्रामीण विद्यार्थ्याने आपल्या वडीलधाऱ्यांकडून घेतलेलीच असते. न्यायाधीशाची शिस्त त्याला शिकवावी लागते. तर्कप्रश्नांतून जी पारख होते ती या दुसऱ्या शिस्तीची.

‘सर्व’, ‘काही’ आणि ‘फक्त’

तर्कप्रश्नांतील बहुसंख्य चुका लहान शब्दांपाशी होतात. उदाहरणार्थ, ‘या टोळीतील सर्व मजुरांनी मुकादमाकडून उचल घेतली आहे. किसनने मुकादमाकडून उचल घेतली आहे.’ यावरून किसन या टोळीतील आहे असे म्हणता येईल काय? पुष्कळ विद्यार्थी ‘होय’ म्हणतात. परंतु दुसऱ्या टोळीतील माणसानेही त्याच मुकादमाकडून उचल घेतलेली असू शकेल. पहिले विधान टोळीतील माणसांविषयी आहे. उचल घेणाऱ्या साऱ्या माणसांविषयी ते काहीच सांगत नाही.

हा भेद आपल्या परंपरेस नवा नाही. न्यायशास्त्राने अनुमानाची पाच अंगे सांगितली आहेत : प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन. पर्वतावर अग्नी आहे. कारण तेथे धूर आहे. जेथे धूर तेथे अग्नी, जसे स्वयंपाकघर. या पर्वतावरही तसा धूर आहे. म्हणून तेथे अग्नी आहे. याच शास्त्राने बजावून ठेवले आहे की, ‘जेथे धूर तेथे अग्नी’ यावरून ‘जेथे अग्नी तेथे धूर’ असे ठरत नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. विधान उलटे फिरवू नये, हा धडा लोहाराच्या भट्टीपाशी उभे राहूनही देता येतो.

पंचायत सदस्यांना तर हा भेद निवडणुकीच्या छाननीतून परिचित आहे. ग्रामपंचायतीचा सदस्य होण्यास वयाची २१ वर्षे पूर्ण असावी लागतात. म्हणून २१ वर्षे पूर्ण झालेला प्रत्येक जण सदस्य होण्यास पात्र ठरतो काय? नाही. ग्रामपंचायत अधिनियमात अनर्हतेची इतर कारणेही दिलेली आहेत. एखादी अट ‘आवश्यक’ असणे निराळे आणि ती ‘पुरेशी’ असणे निराळे. छाननीच्या वेळी हे ज्यांना कळते त्यांना परीक्षेतील असा प्रश्नही समजावून सांगता येईल.

ओळखीच्या वेषातील तर्क

ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ पीटर वेसन यांनी १९६६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्याचे मराठी रूप असे मांडता येईल. चार पत्ते टेबलावर आहेत. प्रत्येकाच्या एका बाजूस अक्षर व दुसऱ्या बाजूस अंक आहे. दिसणाऱ्या बाजूंवर अनुक्रमे अ, क, ४ आणि ७ आहेत. नियम असा : एका बाजूस स्वर असेल तर दुसऱ्या बाजूस सम अंक असतो. हा नियम खरा की खोटा हे ठरविण्यासाठी कोणते पत्ते उलटून पाहणे आवश्यक आहे? सुशिक्षित माणसांपैकीही बहुतेकांनी स्वराचा व सम अंकाचा पत्ता निवडला. बरोबर उत्तर ‘अ’ आणि ‘७’ असे आहे. ‘४’ च्या मागे काहीही असले तरी नियम मोडत नाही. ‘७’ च्या मागे स्वर निघाला तर मात्र मोडतो.

आता हाच प्रश्न मतदान केंद्रावर न्यावा. नियम : मतदान केलेल्या व्यक्तीचे वय १८ वर्षे पूर्ण असले पाहिजे. चौघांविषयी प्रत्येकी एकच गोष्ट ठाऊक आहे. एकाने मतदान केले आहे, एकाने केलेले नाही, एक ४० वर्षांचा आहे, एक १६ वर्षांचा आहे. नियम मोडला काय हे पाहण्यासाठी कोणाकोणाची चौकशी करावी? मतदान करणाऱ्याचे वय पाहावे आणि सोळा वर्षांच्या मुलाने मत दिले काय ते पाहावे, हे कोणताही पंचायत सदस्य क्षणात सांगेल. तर्क दोन्ही ठिकाणी एकच आहे. १९८२ साली ग्रिग्ज व कॉक्स या अमेरिकी संशोधकांनी मद्यपानाच्या वयोमर्यादेचा नियम घेऊन असाच प्रयोग केला, तेव्हा सुमारे तीन-चतुर्थांश विद्यार्थ्यांनी अचूक उत्तर दिले.

शिक्षकांच्या दृष्टीने हा निष्कर्ष मोलाचा आहे. विद्यार्थ्याला तर्क येत नाही असे म्हणण्यापूर्वी तोच तर्क रेशनकार्ड, पाणीपट्टी, मतदारयादी यांच्या रूपात मांडून पाहावा. तेथे तो सुटला, तर मग हळूहळू अक्षरे व चिन्हे यांच्याकडे वळावे.

न लिहिलेले गृहीतक

दुसरा अवघड प्रकार म्हणजे युक्तिवादात दडलेले गृहीतक ओळखणे. ‘गावात बंधारा झाला. पुढील वर्षी विहिरींचे पाणी वाढले. म्हणून शेजारच्या गावानेही बंधारा बांधावा.’ हा युक्तिवाद ऐकण्यास ठीक वाटतो. पण त्यात दोन गोष्टी न सांगता मान्य केल्या आहेत : पाणी बंधाऱ्यामुळेच वाढले, चांगल्या पावसामुळे नव्हे, आणि शेजारच्या गावची जमीन व नाला याच गावासारखा आहे. मराठीत ‘कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ’ असे म्हणतात. एका गोष्टीपाठोपाठ दुसरी घडली म्हणून पहिली दुसरीचे कारण ठरत नाही, हे त्या म्हणीत सांगितलेले आहे. परीक्षेतील पुष्कळ प्रश्न या एका म्हणीने सुटतात.

युक्तिवाद कशाने दुबळा होतो, असेही विचारले जाते. ‘या शाळेतील उपस्थिती दिवाळीनंतर निम्म्यावर येते. त्यावरून शिक्षकांचे अध्यापन असमाधानकारक आहे असे दिसते.’ हा निष्कर्ष कोणत्या विधानाने डळमळीत होईल? शाळेची इमारत जुनी आहे, याने नाही. शिक्षक अनुभवी आहेत, यानेही पुरेसे नाही. ‘गावातील बहुसंख्य कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी परजिल्ह्यात जातात आणि मुले त्यांच्याबरोबर जातात’ हे विधान मात्र निष्कर्षाचा पायाच काढून घेते, कारण ते उपस्थिती घटण्याचे निराळे कारण पुढे आणते. बीड जिल्ह्यातील मुलास हे उत्तर शोधावे लागत नाही, ते त्याने भोगलेले असते. ‘दुसरे कारण असू शकेल काय?’ हा प्रश्न प्रत्येक उताऱ्याला विचारण्याची सवय त्याला लावली पाहिजे.

डोक्यात नको, कागदावर

क्रम लावण्याच्या प्रश्नांत विद्यार्थी सारे डोक्यात ठेवू पाहतो आणि गोंधळतो. उदाहरणार्थ, कारखान्याच्या वजनकाट्यापुढे पाच बैलगाड्या ओळीने उभ्या आहेत. किसनची गाडी मधोमध आहे. दादारावची गाडी गंगारामच्या गाडीच्या लगेच पुढे आहे. भगवानची गाडी नामदेवच्या गाडीच्या मागे कोठेतरी आहे. नामदेवची गाडी पहिली नाही. तर क्रम कोणता?

कागदावर पाच चौकटी आखाव्यात. तिसरीत किसन लिहावा. दादाराव व गंगाराम ही जोडी लागोपाठची असल्याने ती पहिल्या-दुसऱ्या किंवा चौथ्या-पाचव्या चौकटीतच बसू शकते. ती चौथ्या-पाचव्या जागी ठेवली, तर नामदेव व भगवान यांना पहिली व दुसरी जागा उरते, आणि भगवान मागे असल्याने नामदेव पहिला येतो. ते तर अटीविरुद्ध आहे. म्हणून जोडी पुढे गेली. क्रम ठरला : दादाराव, गंगाराम, किसन, नामदेव, भगवान. यात असामान्य बुद्धी लागली नाही. निश्चित माहिती आधी लिहिणे, मग शक्यता दोन आहेत की तीन हे मोजणे आणि अटीत न बसणारी शक्यता खोडणे, एवढेच करावे लागले. खतावणी नीट लिहिणारा माणूस हेच करतो.

भाषेचा अडसर

राज्याच्या प्रवेश परीक्षेत, इंग्रजी विषयाचा विभाग सोडता, प्रश्न मराठीतही उपलब्ध असतात. ही सोय मोठी आहे. तथापि भाषांतरित प्रश्नांची मराठी कित्येकदा पोथीबद्ध असते. ‘निष्कर्ष अनुसरतो’ यासारखी वाक्ये विद्यार्थ्याने कधी ऐकलेली नसतात. यास्तव विधान, गृहीतक, अनुमान, निष्कर्ष, युक्तिवाद हे शब्द आणि त्यांचे स्टेटमेंट, अ‍ॅसम्प्शन, इन्फरन्स, कन्क्लूजन, आर्ग्युमेंट हे प्रतिशब्द विद्यार्थ्यांच्या तोंडी बसवावेत. शंका आल्यास दोन्ही भाषांतील प्रश्न ताडून पाहावा.

कायद्याची भाषा परकी असण्याचा अनुभव या जिल्ह्यास नवा नाही. १९४८ पर्यंत बीड जिल्हा निजामी राजवटीत होता आणि तेव्हा न्यायालयाची व उच्च शिक्षणाची भाषा उर्दू होती. त्या पिढीतील मराठी मुलांनी ती आत्मसात करून वकिली केली. आज उच्च न्यायालयाचे कामकाज इंग्रजीत चालत असले, तरी तालुका व जिल्हा न्यायालयांत मराठीला स्थान आहे. भाषा परकी असली तरी विचाराचे वळण आपल्या भाषेत आधी पक्के करता येते.

एका शब्दाने अर्थाचा अनर्थ होतो, हे मराठी माणसाला पेशवाईतील ‘ध चा मा’ या आख्यायिकेवरून ठाऊक आहे. १७७३ साली नारायणराव पेशव्यांचा खून झाला. त्या प्रकरणात राघोबादादांना दोषी ठरविणारे रामशास्त्री प्रभुणे न्यायनिष्ठुरतेसाठी आजही स्मरले जातात. एका अक्षराकडे डोळ्यांत तेल घालून पाहणे हा न्यायाच्या व्यवसायाचा पहिला पाठ आहे.

शाळेने काय करावे?

शिष्यवृत्ती परीक्षेतील बुद्धिमत्ता चाचणीचा सराव अनेक शाळा मन लावून करून घेतात. आठवीच्या राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षेतही बौद्धिक क्षमता चाचणी असते. परंतु आठवीनंतर बहुतेक ठिकाणी हा धागा तुटतो आणि चार वर्षांनी, प्रवेश परीक्षा तोंडावर आल्यावर, तो शोधावा लागतो. नववी ते बारावी या काळात आठवड्यातून दोन तासिका जरी दिल्या तरी हा खंड भरून निघेल. राज्य मंडळाच्या अकरावी-बारावीच्या ऐच्छिक विषयांत तर्कशास्त्र आहे आणि त्याची मराठी पाठ्यपुस्तकेही निघाली आहेत. ज्या महाविद्यालयात हा विषय शिकविला जात नाही, तेथेही ही पुस्तके ग्रंथालयात ठेवता येतील.

वक्तृत्व स्पर्धांबरोबर वादविवादास उत्तेजन द्यावे. पाठ केलेल्या भाषणास टाळ्या मिळतात, पण तर्क वाढत नाही. वादविवादात असा नियम असावा की, प्रतिपक्षाचे म्हणणे त्याला मान्य होईल अशा शब्दांत आधी सांगावे आणि मगच त्याचे खंडन करावे.

प्रत्येक विद्यार्थ्याने चुकांची वही ठेवावी. तीत तीन रकाने असावेत : निवडलेले उत्तर, नजरेतून सुटलेला शब्द आणि बरोबर उत्तराचे कारण. महिनाभरात आपण ‘फक्त’ वर चुकतो की ‘काही’ वर, हे ज्याचे त्याला समजते. परीक्षेत सोपे प्रश्न पहिल्या फेरीत सोडवून अवघड प्रश्न दुसऱ्या फेरीसाठी ठेवावेत, आणि जेथे गुण वजा होत नाहीत तेथे एकही प्रश्न कोरा सोडू नये.

पंचायतीने व कार्यालयांनी काय करावे?

ऊसतोडीचा हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होऊन उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत चालतो. बारावीच्या अभ्यासाचा आणि प्रवेश परीक्षेच्या तयारीचा काळही हाच आहे. या मुलांच्या शिक्षणात खंड पडू नये म्हणून २०२१ साली शासनाने संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना मंजूर केली. गावात मागे राहिलेल्या मुलांसाठी ग्रामपंचायतीने एक खोली, दिवा, टेबले आणि दोन-चार पुस्तके एवढी अभ्यासिका चालविली, तरी ते मोठे साहाय्य होईल. शाळेतील संगणक रविवारी सराव चाचणीसाठी खुले करावेत. ज्या मुलाने पडद्यावर प्रश्न कधी वाचलेला नाही, त्याची पहिली दहा मिनिटे केवळ भांबावण्यात जातात.

अर्ज भरण्याची मुदत, जातीचे व उत्पन्नाचे दाखले, जात वैधता आणि नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र यांची यादी ग्रामपंचायतीच्या फलकावर वेळीच लावावी. दरवर्षीची माहिती पुस्तिका पाहूनच ती तयार करावी, कारण परीक्षेच्या तपशिलात फेरबदल होत असतात. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास वर्गांतील मुलींना, केंद्रीभूत प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमास प्रवेश घेतल्यास, शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ करण्याचा निर्णय शासनाने जुलै २०२४ मध्ये घेतला. शुल्काची आडकाठी अशी कमी झाल्यावर प्रवेश परीक्षेची अडचण उरते, आणि ती दूर करणे बव्हंशी शाळेच्या व गावाच्या हाती आहे.

हा खटाटोप कशासाठी?

जिल्ह्यातील प्रत्येक मुलाने वकील व्हावे असा याचा अर्थ नाही. परंतु बांधाचे तंटे, वाटणीचे दावे, पीकविम्याचे वाद, उचलीचे हिशेब आणि मजुरीची थकबाकी ज्या जिल्ह्यातून न्यायालयाच्या दारी जाते, त्या जिल्ह्यास आपल्या लोकांची भाषा व व्यवहार जाणणारे वकील आणि न्यायाधीश हवेत. ‘कोयता’ म्हणजे केवळ हत्यार नसून मजुरीच्या करारात ते नवराबायकोच्या जोडीचे नाव आहे, हे ज्याला समजावून सांगावे लागत नाही, असा वकील मजुराची बाजू अधिक नेमकेपणाने मांडील. तो परीक्षेच्या उंबरठ्यावर केवळ ‘सर्व’ आणि ‘फक्त’ यांतील फरक कोणी न शिकविल्यामुळे परत फिरत असेल, तर ते नुकसान एका विद्यार्थ्यापुरते राहत नाही.

शिवाय ज्यांना कायदा शिकावयाचा नाही त्यांनाही ही शिस्त उपयोगी आहे. ग्रामसभेत ठराव वाचताना, करारावर अंगठा वा सही करण्यापूर्वी, आणि निवडणुकीतील आश्वासन ऐकताना ‘यातून नेमके काय ठरते?’ हा एकच प्रश्न नागरिकाने विचारला तरी पुष्कळ फसवणूक टळेल. पाहिले तेवढेच सांगण्याचा प्रामाणिकपणा खेड्याकडे आहेच. लिहिले असेल त्यातून निघते तेवढेच मानण्याची सवय शाळेने त्याला जोडून द्यावी. येत्या शैक्षणिक वर्षात प्रत्येक तालुक्यातील काही शाळांनी आठवड्याच्या दोन तासिकांपासून आरंभ केला, तरी या कार्याची पायाभरणी होईल. त्यासाठी मोठा निधी लागत नाही. एक फळा, एक शिक्षक आणि गावच्या व्यवहारातील उदाहरणे एवढी सामग्री पुरेशी आहे.